चौलच्या वाळूतली सोंडेची माशी

चौल म्हटले की आपल्याला जुने बंदर आठवते. पंधराव्या शतकात रशियाचा अफानासी निकितिन इथे उतरला आणि इथल्या माणसांविषयी लिहून गेला. पुढे पोर्तुगीज आले, रेवदंड्याचा कोट उठला आणि १७४० मध्ये तो मराठ्यांकडे आला. हा इतिहास मुलांना पाठ असतो. आज मात्र एका माशीचा इतिहास सांगतो.

ऊन तापले की मोकळ्या वाळवट जागी एक केसाळ माशी फुलासमोर अधांतरी उभी राहते आणि लांब सोंड आत घालून मध पिते. आपण तिला भुंगमाशी म्हणू. ती मधमाशी समजून कोणी चप्पल काढतो, पण ती डसत नाही. मधमाशीला पंख चार, हिला दोनच. ओळखायला एवढे पुरे.

लिनियसने १७५८ मध्ये या माश्यांना ‘बॉम्बिलियस’ हे नाव दिले. ग्रीकमध्ये त्याचा अर्थ गुणगुणणारा किडा. त्यातल्या तिघींना त्याने थोरली, मधली आणि धाकटी ठरवले, आपल्या घरातल्यासारखेच! पुढे या वंशातून काही माश्या वेगळ्या निघाल्या. जर्मनीच्या ल्योवने १८५५ मध्ये पंखांतल्या शिरा पाहून ‘सिस्टिकस’ वंश वेगळा काढला. नुसत्या शिरांवरून घर फोडायचे? पण अळ्यांचे अन्न कळल्यावर ही वाटणी रास्त दिसली. बॉम्बिलियसच्या अळ्या एकट्याने बिळात राहणाऱ्या मधमाश्यांच्या पिलांवर वाढतात. सिस्टिकसच्या अळ्या टोळ-नाकतोड्यांची जमिनीतली अंडी खातात. म्हणजे एक शेतकऱ्याची मित्र, तर दुसरी फुलोऱ्याला मदत करणाऱ्या मधमाशीच्या मुळावर. अशी माशी दिसली तर मारायची की राखायची, हे त्या बारीक शिरांवर ठरते.

अंडी घालण्याची तऱ्हा तर बघण्यासारखी आहे. बॉम्बिलियसची मादी पोटाच्या टोकाशी असलेल्या पिशवीत धूळ भरते, अंड्यांना ती धूळ माखते आणि बिळाच्या तोंडावर तरंगत एकेक अंडे आत उडवते. पुढची वाट अळी स्वतः शोधते.

आपल्या देशातल्या या माश्यांची जंत्री एन्रिको ब्रुनेट्टीने १९२० च्या ग्रंथात दिली. हा गृहस्थ पोटापाण्यासाठी वाद्ये वाजवी! गुणगुणणाऱ्या माशीला वादकच भेटावा, हा योगायोग.

गुरुजींनी मुलांना सकाळच्या उन्हात वाळूकाठी न्यावे. माशी कोणत्या बिळासमोर घुटमळते आणि त्या बिळातून पुढे काय बाहेर येते, ते वहीत तारखेसह टिपून ठेवावे.