कोंबड्यांचे पैसे

अमेरिकेत जनगणनेचे कागद बहात्तर वर्षं बंद ठेवतात. १९३० चे कागद २००२ मध्ये खुले झाले, तेव्हा माझ्या नवऱ्याने आपल्या आजीचं पान शोधून काढलं. आयोवा राज्य, प्लिमथ काउंटी. आजोबांच्या नावापुढे धंदा म्हणून ‘शेतकरी’, आजीच्या नावापुढे ‘काही नाही’. आजेसासूबाईंनी तेव्हा नव्वदी ओलांडली होती. पान वाचून दाखवल्यावर म्हणाल्या, “त्या गणनेवाल्याला कॉफी आणि केक मात्र मीच दिला होता.”

त्यांच्या बहुतेक गोष्टी मी स्वयंपाकघरात ऐकल्या, उन्हाळ्यात मक्याचे दाणे सोलून बरण्यांत भरताना. सोबत सासूबाई, म्हणजे त्यांची थोरली लेक. आईने एक सांगावं आणि लेकीने, वडिलांकडून ऐकलेलं, दुसरंच सांगावं. मग दोघींची जुंपायची, आणि त्यातूनच मला जास्त कळायचं.

आजेसासूबाई जन्मल्या १९०९ मध्ये, जर्मन शेतकऱ्याच्या घरी. पहिल्या महायुद्धात जर्मन भाषेवर राग निघाला. मे १९१८ मध्ये गव्हर्नर विल्यम हार्डिंग यांनी फर्मान काढलं: शाळेत, चार माणसांत, आगगाडीत, टेलिफोनवर, सगळीकडे फक्त इंग्रजी. एका तारेवर आठ-दहा घरांचे फोन असत, कोणीही उचलून ऐकावं. स्कॉट काउंटीत तर फोनवर जर्मन बोलल्याबद्दल शेतकरी बायकांना रेड क्रॉसला दंड भरावा लागला. आजेसासूबाईंच्या आजीला इंग्रजी येत नव्हतं. प्रवचन इंग्रजीत सुरू झालं तशी म्हातारीने चर्चला जाणंच सोडलं. रविवारी सगळे निघाले की ती कोंबड्यांना दाणे टाकत बसे आणि त्यांच्याशी मनसोक्त जर्मन बोले. नऊ वर्षांच्या नातीला तिने कोंबड्यांचं सगळं शिकवलं.

लग्नानंतर त्याच विद्येवर संसार चालला. अंडं धुवायचं नाही, धुतलं की टिकत नाही. ओलसर फडक्याने डाग तेवढा पुसायचा. तीस डझनांची लाकडी पेटी भरायची आणि शनिवारी संध्याकाळी गावात न्यायची. दुकानदार बदल्यात साखर, कॉफी, दोरा देई. वर काही सुटे पैसे निघाले तर ते आजेसासूबाईंच्या डब्यात. सगळा हिशेब पेन्सिलीने वहीत लिहिलेला. ती वही मी चाळली आहे. एका आठवड्याची नोंद अशी: साखर, खोकल्याचं औषध, मुलाचे बूट, चर्चची वर्गणी. कोंबड्यांचा खुराक ज्या फुलाफुलांच्या पिशव्यांतून यायचा, त्यांचेच मुलींचे फ्रॉक व्हायचे. म्हणून आजोबा खुराक आणायला निघाले की, “मागच्या वेळच्याच नक्षीची पिशवी आणा, नाहीतर बाही पुरायची नाही,” असं बजावणं असे.

१९३२-३३ च्या हिवाळ्यात मक्याचा भाव बुशेलला, म्हणजे सुमारे पंचवीस किलोंना, दहा सेंटांवर आला. कोळशापेक्षा मका स्वस्त पडू लागला. लोकांनी तो चुलीत घातला. गहाण जमिनींच्या जप्त्या सुरू झाल्या. २७ एप्रिल १९३३ ला शेतकऱ्यांच्या जमावाने त्याच प्लिमथ काउंटीतल्या ल मार्सच्या कोर्टातून न्यायाधीश चार्ल्स ब्रॅडली यांना ओढून बाहेर काढलं, गळ्यात दोर घातला आणि जप्तीचे हुकूम देणार नाही असं वचन मागितलं. न्यायाधीश बधले नाहीत. जमावाने शेवटी त्यांना सोडलं, पण काउंटीत लष्करी कायदा लागला. त्या दिवशी आजोबा कुठे होते? आजेसासूबाईंचं उत्तर ठरलेलं, “गोठ्यात, धारा काढत.” सासूबाई लगेच विचारत, “भर दुपारी?”

त्यांची जमीन वाचली. मक्याचा जो काही पैसा आला तो सगळा गहाणात भरता आला, कारण घर अंड्यांवर जगत होतं.

ग्रामीण विजेचा कायदा १९३६ मध्ये झाला, पण यांच्या शेतापर्यंत तारा युद्धानंतर पोचल्या. आजेसासूबाईंनी पहिली घेतली ती विजेची इस्त्री. भर जुलैत चूल पेटवून लोखंड तापवणं बंद झालं, तो दिवस त्यांना लग्नाच्या दिवसापेक्षा नीट आठवायचा.

आजोबा १९७४ मध्ये गेले. १६० एकर जमीन दोघांच्या नावावर होती. तरीही वारसा कराचा तेव्हाचा नियम असा, की सगळी मालमत्ता गेलेल्या नवऱ्याचीच धरायची. आपला पैसा तिच्यात घातल्याचा पुरावा बायकोने द्यायचा. घरातले कष्ट त्यात मोजत नसत. शेतकरी बायका त्याला ‘विधवा कर’ म्हणत. आजेसासूबाई वही घेऊन वकिलाकडे गेल्या. वकिलाने पानं उलटली आणि सांगितलं, यात जमीन कुठेच नाही, नुसती साखर आणि बूट आहेत. कर भरावा लागला. हा नियम १९७६ पासून सैल होत गेला आणि १९८१ च्या कायद्याने सुटला.

तोवर जमिनीचे भाव चढले होते. मामेसासऱ्यांनी शेजारची जमीन घ्यायला कर्ज काढायचं ठरवलं. आजेसासूबाईंनी सही केली नाही. वर्षभर मायलेक धड बोलत नव्हते. आयोवात एकराचा सरासरी भाव १९८१ मध्ये २,१४७ डॉलर होता, तो १९८६ मध्ये ७८७ वर आला. शेजाऱ्यांचे लिलाव झाले, आणि मामेसासरे अजून तीच १६० एकर कसत होते.

आजेसासूबाई शहाण्णवाव्या वर्षी गेल्या. चर्चमध्ये सगळे म्हणाले, आयुष्यभर कुटुंबासाठी झिजल्या. खरंच आहे. पण झिजण्याचं कौतुक केलं की कमाईचा हिशेब विचारावा लागत नाही. आपल्याकडे शेतकरी नेते शरद जोशींनी ‘लक्ष्मीमुक्ती’ची हाक दिली, तेव्हा अनेक शेतकऱ्यांनी बायकोच्या नावे जमीन केली. माझ्या माहेरी मात्र आईचं नाव सातबाऱ्यावर लागलं ते वडील गेल्यावर, वारस म्हणून. घरातल्या म्हाताऱ्या बायकांना त्यांनी काय सोसलं ते आपण हमखास विचारतो. त्यांनी किती कमावलं आणि ते कुठे गेलं, हेही विचारा. आणि त्या हयात आहेत तोवर एकदा सातबारा काढून बघा.