हेडसेट ठीक, लॅपटॉप ठीक, मग आवाज कुठे अडला?

आजचा एपिसोड इतिहासाचा आहे, पण यात किल्ले नाहीत की लढाया नाहीत. आज बोलायचंय लॅपटॉपला लावलेल्या हेडसेटबद्दल. कालपर्यंत मस्त चालत होता, आज मीटिंगमध्ये समोरचा म्हणतो, "हॅलो, तुमचा आवाज येत नाहीये." मग आपण वायर हलवतो, पिनेवर फुंकर मारतो आणि शेवटी नवीन हेडसेट आणतो. त्याचंही तेच! कारण बरेचदा बिघाड हेडसेटमध्ये नसतोच. तो असतो हेडसेट आणि लॅपटॉपच्या मधल्या बोलणीत. ही बोलणी गेल्या शंभराहून जास्त वर्षांत थरावर थर चढत तयार झाली आहेत. ते थर कळले की बिघाड शोधायचा क्रमही कळतो.

आधी एक प्रश्न. एवढ्याशा वायरीवर अख्खा एपिसोड कशाला? तर मार्च २०२० आठवा. २५ मार्चला देशभर लॉकडाऊन लागला आणि महिना संपता संपता आमचा वरळी कोळीवाडा सील झाला. मुंबईत सर्वांत आधी सील झालेल्या मोठ्या वस्त्यांपैकी ही एक. चिंचोळ्या गल्ल्या, भिंतीला भिंत लागलेली घरं, आत-बाहेर जायला बंदी. त्याच महिन्यात दूरसंचार विभागाने कॉल सेंटरवाल्यांना घरून काम करता यावं म्हणून नियम सैल केले. आता चित्र डोळ्यासमोर आणा. एकच खोली, त्यात आईचा कुकर, आजोबांच्या टीव्हीवरच्या बातम्या, भावाची ऑनलाइन शाळा आणि तुमचा ऑफिसचा कॉल. अशा घरात हेडसेट म्हणजेच दुसरी खोली. आणि तो बंद पडला तर दुकानं बंद, रिपेअरवाला येणार नाही. जे करायचं ते स्वतःच.

तर पहिला थर, पिनेचा. मुंबईत टेलिफोन एक्स्चेंज आलं १८८२ मध्ये. त्या जमान्यात एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर बसायचे आणि हाताने एकाची लाइन दुसऱ्याला जोडून द्यायचे. अशा स्विचबोर्डांसाठी जगात जी पाव इंची पिन रूढ झाली, तिचीच नात म्हणजे आपली ३.५ मिलिमीटरची पिन. ट्रान्झिस्टर रेडिओच्या काळात ती बारीक झाली आणि १९७९ च्या सोनी वॉकमननंतर तर पोरापोरांच्या कानात पोचली.

ही पिन नीट बघा. तिच्यावर काळ्या रेघा असतात. दोन रेघा म्हणजे फक्त ऐकायचं, तीन रेघा म्हणजे माइकही आहे. गंमत अशी की तीन रेघांच्या पिनेत माइक कुठे आणि अर्थिंग कुठे, यावर कंपन्यांचं एकमत नव्हतं. ओएमटीपी नावाची एक पद्धत आणि सीटीआयए नावाची दुसरी, दोन्हींत या दोन जागा उलट्यासुलट्या. जुन्या बऱ्याच नोकिया फोनांत पहिली होती, आयफोनने दुसरी घेतली आणि पुढे तीच सगळीकडे चालली. म्हणून जुना हेडसेट नव्या लॅपटॉपला लावला आणि गाण्यातला गायक गायब, नुसतं म्युझिक लांबून आल्यासारखं वाटलं, तर वायरीवरचं बटण दाबून धरा. आवाज एकदम भरला? मग ही पिनेची भानगड आहे, ड्रायव्हरला हात लावू नका.

दुसरा थर, साउंड कार्डचा. सुरुवातीच्या पीसीत आवाज म्हणजे नुसतं 'टूं टूं'. १९८९ मध्ये सिंगापूरच्या क्रिएटिव्ह कंपनीने साउंड ब्लास्टर कार्ड आणलं. इथे ड्रायव्हर लागतो. ड्रायव्हर म्हणजे दुभाषा. विंडोजची भाषा चिपला कळत नाही, चिपची विंडोजला कळत नाही, मधे हा उभा. डॉसच्या काळात तर ही दुभाषेगिरी आपल्यालाच करावी लागायची. कार्ड कुठल्या पत्त्यावर आहे, कुठला इंटरप्ट वापरतं, हे आकडे गेम सुरू करायच्या आधी हाताने भरायचे. आकडा चुकला की गेम मुका. पुढे लॅमिंग्टन रोडवरून असेम्बल केलेला पीसी घरी यायचा तेव्हा सोबत मदरबोर्डची सीडी मिळायची. फॉरमॅट मारल्यावर ती सापडली नाही तर स्पीकर शोभेला.

तिसरा थर, चिप मदरबोर्डवरच आली. इंटेलच्या एसी'९७ या स्टँडर्डमुळे वेगळं कार्ड घ्यायची गरज संपत गेली आणि आवाज स्वस्त झाला. इथे मोठं नाव झालं तैवानच्या रियलटेकचं. त्यांचा लोगो आहे खेकडा. आपल्या भाषेत चिंबोरी! तुमच्या लॅपटॉपमध्येही बहुतेक हीच चिंबोरी बसली असेल. मग २००४ मध्ये इंटेलने एचडी ऑडिओ आणलं. आता चिपला कळायला लागलं की जॅकमध्ये काहीतरी घुसलंय. एकाच भोकात हेडफोनही आणि माइकही, अशी सोय पुढे लॅपटॉपमध्ये सर्रास झाली.

आणि इथेच मेख आहे. चिप तीच असली तरी तिचा कुठला पाय कुठल्या जॅकला जोडायचा, हे प्रत्येक लॅपटॉप कंपनी आपल्यापरीने ठरवते. त्या जोडणीचे बारकावे कंपनीच्या ड्रायव्हरला माहीत असतात. विंडोजचा स्वतःचा सर्वसाधारण ड्रायव्हर कामचलाऊ असतो. त्याच्यावर कधीकधी स्पीकर वाजतो, पण हेडसेटचा माइक दिसतच नाही. एखाद्या अपडेटने ड्रायव्हर बदलला की कालचा चालू हेडसेट आज मुका होतो तो असा. हे काही आपल्या मनाचे खेळ नाहीत. ऑक्टोबर २०१८ मध्ये विंडोज अपडेटमधून इंटेलचा एक ऑडिओ ड्रायव्हर चुकून भलत्याच मशिनांवर गेला आणि त्यांचा आवाज बंद झाला. मायक्रोसॉफ्टला ते मान्य करून दुरुस्तीचं अपडेट द्यावं लागलं होतं.

आता या इतिहासाचा उपयोग करू. वरून खाली, एकेक थर तपासत जा.

एक, हेडसेट फोनला लावा. फोनला जॅक नसेल तर दुसऱ्या लॅपटॉपला. तिथेही बंद असेल तर हेडसेटच गेला. आपल्याकडे खारं वारं आहे, पिनेवर गंज चढतो, ती कोरड्या कपड्याने पुसून बघा.

दोन, साउंड सेटिंगमध्ये आउटपुट आणि इनपुटला हेडसेटच निवडलाय का? मीटिंगच्या ॲपची निवड वेगळी असते, तीही बघा. आणि प्रायव्हसीमध्ये माइकची परवानगी बंद असेल तर ड्रायव्हर कितीही चांगला असो, ॲपला काही ऐकू जाणार नाही.

तीन, डिव्हाइस मॅनेजरमध्ये साउंडच्या यादीत जा. बिघाड अपडेटनंतर सुरू झाला असेल तर 'रोल बॅक ड्रायव्हर'. ते बटण फिकं दिसत असेल तर ड्रायव्हर अनइन्स्टॉल करून मशीन रीस्टार्ट. तरीही नाही, तर लॅपटॉपचा मॉडेल नंबर बघून त्याच कंपनीच्या साइटवरून ड्रायव्हर घ्या. "सगळे ड्रायव्हर एका क्लिकवर" म्हणणारी फुकटची सॉफ्टवेअरं टाळा.

चार, तातडी असेल तर यूएसबी हेडसेट किंवा यूएसबीचा छोटा अडॅप्टर. यूएसबी १९९६ मध्ये आलं. बडोद्यात शिकलेले अजय भट्ट इंटेलमध्ये त्यावर काम करणाऱ्यांत आघाडीवर होते. त्यात आवाजासाठी एक समान भाषा ठरलेली आहे आणि तिचा दुभाषा विंडोजमध्ये आधीच बसलेला असतो. म्हणजे लॅपटॉपमधल्या चिंबोरीला वळसा घालून आवाज थेट येतो. उद्या सकाळी इंटरव्ह्यू असेल तर रात्रभर ड्रायव्हरशी झुंजू नका, हा रस्ता धरा.

ब्लूटूथवाल्यांसाठी एक गोष्ट. गाणी छान वाजतात, पण कॉल सुरू झाला की डब्यातून बोलल्यासारखं वाटतं, तर तो बिघाड नाही. गाण्यासाठी एकेरी, चांगल्या दर्जाची वाट असते. माइक चालू झाला की साधारणपणे दुहेरी वाट धरावी लागते आणि ती बोलण्यापुरतीच रुंद असते. माइक लॅपटॉपचा निवडा, कानातला आवाज सुधारेल.

हे सगळं जमायला इंजिनिअरिंगची डिग्री लागत नाही. पण घरात ज्याला हे येतं त्याने शेजारच्या मुलीचाही लॅपटॉप एकदा बघून द्यावा. तिची परीक्षा असो की नोकरीचा पहिला कॉल, एका खोलीच्या घरात तिलाही तिची दुसरी खोली हवीच आहे. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!