पाळीनं मिळालेली झोप

काळाचौकीच्या आमच्या खोलीत एका वळकटीला दोन धनी होते. सकाळी सातची पाळी धरायला काका उठून जायचा आणि थोड्या वेळानं रातपाळी संपवून बाबा यायचे. आई आम्हा भावंडांना गॅलरीत पिटाळायची, "हळू बोला रे, बाबा निजलेत." पण चाळीत नळावरची भांडणं, स्टोव्हचा आवाज आणि मिलचा भोंगा कुणासाठी थांबत नसे. बाबांना सलग चार तास झोप लागलेली मला आठवत नाही.

मुंबईच्या गिरणगावचा इतिहास आपण संपांनी मोजतो. मी तो झोपेनं मोजते.

1854 मध्ये कावसजी दावरांनी ताडदेवला गिरणीचा पाया घातला. सुरुवातीला कामाचा दिवस सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत. निदान अंधार पडला की यंत्र थांबे. 1905 च्या सुमाराला गिरण्यांत विजेचे दिवे आले आणि तेही गेलं. चौदा-पंधरा तास राबणूक सुरू झाली. 1881 च्या पहिल्या कारखाना कायद्यातली तासांची मर्यादा फक्त लहान मुलांपुरती होती. नारायण मेघाजी लोखंडे यांनी 1884 मध्ये कामगारांच्या वतीनं रविवारची सुट्टी आणि दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती मागितली. रविवार मिळायला 10 जून 1890 उजाडावं लागलं. कामगाराला हक्कानं मिळालेली ती पहिली झोप, असं मी मानते.

आणि झोपायचं कुठे? गावकऱ्यांच्या सामायिक खोलीत एकटे पुरुष ट्रंक उशाला घेऊन दाटीवाटीनं पडत. एक पाळी उठली की दुसरी आडवी होई. 1922 च्या सुमारास डॉक्टर बार्न्स एका सरकारी पाहणीसाठी चाळींतून हिंडल्या. पंधरा फूट बाय बारा फुटांच्या एका खोलीत त्यांना सहा कुटुंबं आणि सहा चुली आढळल्या. त्यांनी आणखी एक गोष्ट नोंदवली, ती वाचताना मला थांबावं लागलं. गिरणीत जाणाऱ्या बाया तान्ह्या पोरांना बाळगोळी देत. तिच्यात अफू असे. आई साच्यावर असेपर्यंत पोर निजून राही. त्या आयांना दोष देणारे पुष्कळ होते. पाळणाघर काढणारे थोडे.

मी पुढे नर्स झाले, छातीच्या वॉर्डात वर्षं काढली. कापसाच्या तुसानं दम लागलेले कितीतरी गिरणीकामगार पाहिले. खोकला किती दिवस, विडी किती, हे केसपेपरवर असायचं. रातपाळीनं शरीराचं घड्याळ बिघडतं, रक्तदाब आणि साखर वाढू शकते, हे आज ठाऊक आहे. तेव्हा "दिवसा झोप लागते का?" असं बाबांना एकाही डॉक्टरनं विचारलं नाही. ब्लडप्रेशरनं ते साठीच्या आत गेले.

बाबांच्या मिलच्या जागी आता टॉवर उभा आहे. त्याच्या गेटवर रात्री खुर्चीत बसणाऱ्या वॉचमनला मी परवा ड्युटी विचारली. बारा तास, म्हणाला. गिरणीतल्या प्रौढ पुरुषाच्या कामावर पहिली मर्यादा घालणारा कायदा 1911 चा. त्यातही बाराच तास होते.