पोलादावरील नोंदी

सैन्यातील शस्त्र सैनिकाच्या हाती असले तरी त्याची मालकी राज्याकडे असते, आणि ही मालकी राज्य त्या शस्त्रावर ठोकून ठेवते. नाण्यावर मुद्रा असावी, वजनमापावर छाप असावी, तसा शस्त्रावर शिक्का असतो. विसाव्या शतकाच्या आरंभी युरोपीय सैन्यांनी स्वीकारलेल्या पिस्तुलांवरील असे शिक्के जगभरच्या संग्राहकांच्या आस्थेचा विषय झाले आहेत. एखादा दुर्मीळ ठसा असलेले पिस्तूल त्याच घडणीच्या साध्या पिस्तुलाच्या कित्येक पट मोल मिळवते. हे मोल इतिहासाला तारक ठरले की मारक, हा प्रश्न लुगर पिस्तुलाच्या निमित्ताने विशेष स्पष्टपणे पुढे येतो.

टिरोल प्रांतात १८४९ साली जन्मलेल्या गेओर्ग लुगर याने ह्यूगो बोर्शार्टच्या १८९३ च्या अवजड पिस्तुलात सुधारणा करून हे शस्त्र सिद्ध केले. स्वित्झर्लंडने ते १९०० साली आपल्या सैन्यासाठी स्वीकारले. नळीच्या मुळाशी, काडतूस बसते त्या भागावर, किरणांनी वेढलेला स्विस क्रूस कोरला गेला. १९०१ साली अमेरिकी सैन्याने चाचणीसाठी एक हजार पिस्तुले घेतली. त्यांच्यावर गरुड आला. जर्मन आरमाराने १९०४ साली आणि जर्मन भूदलाने १९०८ साली हे पिस्तूल स्वीकारले. यंत्ररचना मुळात एकच; तिच्यावरचे चिन्ह मात्र प्रत्येक राज्याचे वेगळे.

पोर्तुगालचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. तेथील भूदलाच्या पिस्तुलांवर राजा दुसरा मानुएल याची मुकुटांकित नाममुद्रा होती. आरमाराच्या पिस्तुलांवर नांगर आणि त्याच्या माथ्यावर मुकुट होता. ऑक्टोबर १९१० मध्ये राज्यक्रांती झाली, राजा देशोधडीला लागला आणि प्रजासत्ताक आले. त्यानंतर आरमारासाठी घडलेल्या पिस्तुलांवर नांगर कायम राहिला. मुकुटाच्या जागी मात्र प्रजासत्ताकाची आद्याक्षरे आली. एका राजवटीचा अस्त बोटाच्या पेराएवढ्या जागेत नोंदला गेला. संग्राहक ज्याला दुर्मीळ म्हणतात, ते पुष्कळदा अशा अल्पजीवी राजवटींचे अवशेष असते.

जर्मनीत ही नोंदपद्धती अधिक काटेकोर होती. एर्फुर्टच्या सरकारी शस्त्रशाळेत तपासनिसाची इवलीशी मुकुटांकित छाप बारीकसारीक सुट्या भागांवरही मारली जाई. पुढे पिस्तूल पलटणीत दाखल झाले की मुठीच्या पुढच्या पट्टीवर पलटणीची खूण उमटे. ‘१२. आर. ५. २७.’ अशा ठशाचा अर्थ बाराव्या पायदळ रेजिमेंटच्या पाचव्या कंपनीचे सत्ताविसावे शस्त्र असा होतो. बव्हेरियाच्या पलटणी आरंभी आपल्या राज्याचे आद्याक्षर घालीत. साम्राज्य एक असले तरी त्यातील राज्यांनी आपले सैनिकी वेगळेपण कसे जपले होते, हे त्या एका अक्षरातून कळते.

युद्धातील पराभवानंतर व्हर्सायच्या तहाने जर्मन सैन्य एक लाखावर मर्यादित केले. जी शस्त्रे राज्याच्या अधिकृत ताब्यात राहिली, त्यांच्यावर ‘१९२०’ हा आकडा मालकीची खूण म्हणून उमटवण्यात आला. त्यामुळे काही पिस्तुलांवर निर्मितीचे एक आणि मालकीचे दुसरे अशी दोन साले एकाखाली एक दिसतात. पुढे हिटलरच्या राजवटीत तहाचा भंग चोरून चालू होता, तेव्हा माउझर कारखान्याने आपले नाव गाळून ‘एस/४२’ हा संकेत वापरला. १९३४ या सालाऐवजी ‘के’ आणि १९३५ ऐवजी ‘जी’ हे अक्षर घातले. १९३६ पासून साल पुन्हा आकड्यांत दिसू लागते. लपवण्याची गरज कधी सरली, हे शिक्काच सांगतो.

दोन्ही महायुद्धांत ही पिस्तुले विजयचिन्हे म्हणून दोस्त सैनिकांबरोबर, विशेषतः अमेरिकेत, गेली. तेथे त्यांची तुलना आणि वर्गवारी सुरू झाली. फ्रेड डॅटिग यांचा ग्रंथ १९५५ साली आणि हॅरी जोन्स यांचा १९५९ साली आला. हौशी मंडळींच्या या खटाटोपाला एका दुर्घटनेने अनपेक्षित महत्त्व दिले होते. १४ एप्रिल १९४५ च्या रात्री पॉट्सडॅमवर झालेल्या हवाई हल्ल्यात तेथील सैनिकी दफ्तरखाना जळाला आणि प्रशियाच्या सैन्याचे बहुतांश कागद नष्ट झाले. म्युनिकमध्ये ठेवलेले बव्हेरियाचे दफ्तर बचावले. कोणत्या पलटणीला कोणते शस्त्र मिळाले, याबाबत प्रशियापुरता बोलणारा साक्षीदार आता बव्हंशी पोलादच आहे.

म्हणूनच बनावट ठशांचे दुष्परिणाम ग्राहकाच्या फसवणुकीपुरते राहत नाहीत. दुर्मीळ खुणेला किंमत येताच साध्या पिस्तुलावर ती नव्याने ठोकण्याचा मोह होतो. जाणकार भिंगाखाली अक्षरांची ठेवण पाहतात, ठशाभोवती उचलला गेलेला धातू पाहतात, निळसर-काळ्या थराची झीज आणि ठशाची झीज जुळते का हे ताडतात. दुसरी हानी त्याहून निरागस दिसते. पिस्तूल नव्यासारखे चकाकावे म्हणून ते घासून पुन्हा रंगवले जाते आणि त्यात मूळ अक्षरे पुसट होतात. जळालेल्या कागदाची उणीव निदान दिसून येते. पोलादावरील खोटी नोंद खऱ्या नोंदींच्या यादीत बेमालूम मिसळते आणि पुढचा अभ्यासक तिच्यावर निष्कर्ष उभारतो.

संग्राहकांनी जपले नसते तर यातील कितीतरी पिस्तुले वितळून गेली असती, हे त्यांचे ऋण मान्य करावेच लागते. त्याच संग्राहकांनी दुर्मिळतेवर लावलेल्या बोलीने नोंदी खोट्या करण्याचे आमिषही निर्माण केले. इतिहासाला मात्र दुर्मीळ आणि सामान्य असा भेद परवडत नाही. झिजलेल्या मुठीवरचा एखाद्या अनाम कंपनीचा आकडा राजमुद्रेइतकाच पुरावा असतो. जेव्हा तो बाजारात कवडीमोल ठरतो, तेव्हा त्याच्यावर खोटेपणाचा हात पडण्याची शक्यताही सर्वांत कमी असते.