धोट्याचा डोळा

कुर्ल्याहून मुलुंडकडे जाणारा जो रस्ता सरकारी दफ्तरात लालबहादुर शास्त्री मार्ग म्हणून नोंदलेला आहे आणि ज्याला जुने रहिवासी अद्याप आग्रा रोड म्हणतात, त्या रस्त्याच्या कडेला घाटकोपरच्या पश्चिम भागात ‘बॉम्बे टेक्स्टाइल रिसर्च असोसिएशन’ या संस्थेचे आवार आहे. संस्थेची स्थापना १९५४ सालची. म्हणजे कावसजी नानाभाई दावर यांनी मुंबईतील पहिल्या गिरणीची कंपनी उभारली त्या घटनेस बरोबर शंभर वर्षे झाली तेव्हाची. ज्या धंद्याने एका बेटाचे महानगर केले, कोकणातील गावेच्या गावे परळ-लालबागेत आणून वसविली आणि शेअरबाजारात अनेकांचे नशीब पालटले, त्या धंद्याला आपल्या यंत्रांचे शास्त्र आपणच अभ्यासावे असे वाटण्यास एक शतक जावे लागले, ही गोष्ट मला त्या धंद्याच्या सर्व वैभवापेक्षा अधिक बोलकी वाटते. यंत्रे लँकेशायरहून येत, त्यांच्याबरोबर ती चालविण्याची रीतही येई, आणि त्या रीतीत जे काही उणे असेल ते भरून काढण्याचे काम कामगाराकडे जाई. हे उणे कशाचे व किती होते, ते पाहावयाचे तर साचेखात्यातील (म्हणजे मागांवर कापड विणले जाई त्या खात्यातील) सर्वांत क्षुद्र दिसणाऱ्या वस्तूकडे, म्हणजे धोट्याकडे, पाहावे.

धोटा म्हणजे दोन्ही टोकांना पोलादी टोपण बसविलेला, सुमारे हातभर लांबीचा, कठीण लाकडाचा पोकळ ठोकळा. त्याच्या पोटात कांडी बसते, कांडीवर बाण्याचे सूत गुंडाळलेले असते, आणि ते सूत धोट्याच्या एका टोकाजवळ असलेल्या, चिनी मातीचे अस्तर दिलेल्या बारीक छिद्रातून, म्हणजे धोट्याच्या डोळ्यातून, बाहेर पडते. हातमागाच्या जुन्या पद्धतीत धोटा या हातातून त्या हातात जाई आणि सूत किती सुटावे, किती आवळावे, हे विणकराची बोटे ठरवीत. येवल्याचा पैठणीकार आजही रंगारंगाच्या लहान तिल्ल्या बोटांनी फिरवितो, तेव्हा त्याच्या मागाला ताणाच्या वेगळ्या यंत्रणेची गरज भासत नाही. इंग्लंडात बरी गावच्या जॉन के याने १७३३ साली धावत्या धोट्याची सनद घेतली आणि ही व्यवस्था मोडली. दोरीच्या हिसक्याने फेकलेला धोटा पलीकडच्या पेटीत आदळून एकदम थांबतो. अशा वेळी त्यातील कांडी फिरती असेल तर ती थांबत नाही, फिरतच राहते व सुताचा गुंता करते. म्हणून कांडी पक्की बसवून सूत तिच्या टोकावरून ओढून घेण्याची युक्ती रूढ झाली. वेग वाढला, एका माणसाला रुंद कापड विणता येऊ लागले; परंतु ताणाचा जो न्याय बोटे करीत होती, तो आता लाकडातील एका छिद्राने करावयाचा होता.

छिद्राला तो पेलवला नाही, हे साचेखात्यात उभा राहिलेला कोणीही सांगू शकला असता. कांडी भरलेली असते तेव्हा सूत तिच्या टोकाजवळून सहज सुटते. ती रिकामी होत जाते तसतसे सूत उघड्या पडलेल्या लाकडावरून घासत येते, आणि अखेरच्या काही वारांत ताण इतका वाढतो की कापडाचा काठ आत ओढला जातो. डोळा धोट्याच्या एकाच टोकाशी असल्यामुळे एका फेरीत सूत सरळ मागे सुटते, तर परतीच्या फेरीत ते डोळ्याशी वळसा घेऊन धोट्याच्या अंगावरून मागे येते. त्यासाठी धोट्याच्या बाजूला एक लांबट खाच कोरलेली असते. वळसा वाढला की घर्षण वाढते आणि घर्षणाबरोबर ताणही वाढतो, हा यंत्रशास्त्राचा साधा नियम आहे. उलट पक्षी, पेटीत आपटून धोटा किंचित मागे उसळला की सूत क्षणभर सैल पडते, त्याला पीळ बसतो, आणि तो पिळाचा आकडा तसाच कापडात विणला जातो. म्हणजे ज्या यंत्राने मिनिटाला सुमारे दोनशे फेऱ्या माराव्यात, त्याच्या प्रत्येक फेरीत अति ताणाचे व अल्प ताणाचे असे दोन्ही धोके उभे असत.

यावर जे उपाय निघाले ते मोठे कौतुकास्पद आहेत. धोट्याच्या पोकळीच्या भिंतींना सशाच्या कातडीची लवदार पट्टी चिकटविली की कांडीवरून सुटणारे सूत फुग्यासारखे फुलून भिंतीवर आपटत नाही, आणि सैल पडलेले सूत त्या लवेत हलकेच धरले जाते. रेशीम व कृत्रिम रेशीम विणणाऱ्यांना या केसाळ अस्तराची विशेष गरज भासे, कारण त्या गुळगुळीत धाग्यावर ताणातील लहानसा फरकही चमकणाऱ्या आडव्या रेघेच्या रूपाने उघडा पडतो. पुढे कातडीच्या जागी नायलॉनचे फास आले, डोळ्यापाशी स्प्रिंगच्या दाबाने सूत धरणाऱ्या लहान चकत्या व खिट्ट्या आल्या, कांडीच्या अंगावर खाचा आल्या. परंतु यांतील पुष्कळशा सुधारणा विकत घेण्याच्या होत्या, आणि विकत घेण्यापूर्वी मालक हिशेब पाही. हिशेब असा की धोटा सुधारला नाही तर कापड बिघडते. पण मुंबईच्या कित्येक गिरण्यांत बिघडलेले कापड विणकराच्या गळ्यात मारून त्याची किंमत पगारातून कापून घेण्याचा रिवाज होता. खराब माल माथी मारणे व दंड करणे ही त्या काळच्या गिरणी कामगारांची जुनी तक्रार होती, आणि १९३६ च्या वेतन अदायगी कायद्याने दंडास मर्यादा घालीपर्यंत तिला कायद्याचा मोठासा आधार नव्हता. काठ ओढणारा धोटा मालकाचा आणि ओढलेला काठ विणकराचा, अशी ही वाटणी होती.

उपनगराचा या इतिहासाशी संबंध घाटकोपरच्या संस्थेपुरताच आहे असे मात्र नाही. जमशेटजी टाटांनी १८८६ साली कुर्ल्याची डबघाईस आलेली धरमसी गिरणी विकत घेतली व तिचे नाव स्वदेशी मिल ठेवले. त्यांनी नागपूरच्या एम्प्रेस मिलमध्ये रिंग चात्यांचा प्रयोग इतर अनेकांच्या आधी केला होता. यंत्रांकडे डोळसपणे पाहणारे असे मालक त्या काळी थोडेच. कुर्ला तेव्हा मुंबई शहराच्या हद्दीबाहेर, साष्टीत होते. शहराची हद्द १९५० साली जोगेश्वरी व भांडुपपर्यंत आणि १९५७ साली दहिसर व मुलुंडपर्यंत सरकली, तेव्हा गिरणीच्या भोंग्यावर उठणारी वस्ती तेथे केव्हाच स्थिरावलेली होती.

आता ज्या गोष्टीसाठी हे सर्व लिहिले तिच्याकडे येतो. कांडी संपली की विणकर साचा थांबवी, नवी कांडी धोट्यात बसवी, आणि सुताचे टोक डोळ्यातून बाहेर काढण्यासाठी धोटा ओठांना लावून श्वास आत ओढी. सूत श्वासाबरोबर छिद्रातून सरकत येई. त्याबरोबर कापसाची धूळ, तेलाचा अंश आणि आधीच्या पाळीत तोच धोटा ओठांना लावलेल्या माणसाची थुंकीही येई. हे किती वेळा घडे, त्याचा अदमास करता येतो. वीस नंबरच्या एका औंस सुताची लांबी १,०५० वार भरते. कापड ४० इंच रुंद आणि साचा मिनिटाला २०० फेऱ्यांचा धरला तर मिनिटाला २२० वारांहून थोडे अधिक सूत खर्ची पडते, म्हणजे औंसभर सुताची कांडी पाच मिनिटेही पुरत नाही. दोन साचे सांभाळणारा विणकर दहा तासांच्या पाळीत, साचे अखंड चालले तर, अडीचशेच्या आसपास वेळा धोटा तोंडाला लावीत असला पाहिजे.

लँकेशायरमध्ये याच चालीला धोट्याचे चुंबन म्हणत, आणि तिच्यामुळे क्षय पसरतो अशा भयाने अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स संस्थानाने १९११ साली कायदा करून ती बंद केली. मुंबईत या चालीने आणखी वेगळेच काही केले. साचेखात्यातील वेतन इतर बहुतेक खात्यांपेक्षा अधिक होते, आणि त्या खात्यात अस्पृश्य कामगारास प्रवेश नव्हता. कारण असे सांगितले जाई की सूत तोंडाने ओढावे लागते, धोटे या हातातून त्या हातात जातात, तेव्हा विटाळ होतो. मराठा व इतर स्पृश्य विणकर हे कारण पुढे करीत, मुसलमान विणकरही या बंदीत सामील होते, आणि मुकादम व जॉबर ती चोख अमलात आणीत. दुसऱ्या स्पृश्याची थुंकी चालत होती, क्षयाचे जंतू चालत होते. एका विशिष्ट जातीत जन्मलेल्या माणसाचे ओठ तेवढे चालत नव्हते.

१९२८ च्या एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत मुंबईच्या गिरण्या संपाने बंद पडल्या, तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न संपाच्या पुढाऱ्यांसमोर रोखठोक ठेवला. अस्पृश्यांना सर्व खात्यांत काम करण्याचा हक्क आहे असे युनियनने मान्य करावे, न केल्यास आपण त्यांना संपात भाग न घेण्याचा सल्ला देऊ, असे त्यांनी बजावले. पुढाऱ्यांनी मोठ्या नाखुषीने ती मागणी यादीत घातली. आणि मालकांपुढे ती गेली तेव्हा मालकांनी, हा अन्याय असेल तर तो आमचा नव्हे, तुमचाच आहे, असे सुनावून हात झटकले. मालकांचे हे उत्तर योग्यच होते, असे आंबेडकरांनी सायमन कमिशनपुढील साक्षीत सांगितले. मला मात्र ते उत्तर अर्धेच खरे वाटते. जातीचा विटाळ मालकांनी निर्माण केला नव्हता हे कबूल. पण ज्या छिद्राचा आधार घेऊन तो विटाळ गिरणीत उभा होता ते छिद्र मालकाच्या धोट्यात होते, आणि त्याला पर्याय बाजारात होता.

पर्याय नवीनही नव्हता. डोळ्याला वरून एक तिरकी फट ठेवली की सूत बोटाने त्या फटीतून सरकवून आत बसविता येते, ओठांची गरज उरत नाही. जेम्स नॉर्थ्रॉप याने अमेरिकेतील ड्रेपर कंपनीसाठी जो स्वयंचलित माग बनविला व जो १८९४ च्या सुमारास विक्रीस आला, त्यात कांडी संपताच माग न थांबता नवी कांडी धोट्यात ठोकली जाई आणि सूत आपोआप डोळ्यात बसे. जपानमध्ये साकिची तोयोदा यांचा १९२४ चा माग धावता धावता अख्खा धोटाच बदली. त्याचे हक्क पुढे १९२९ साली ओल्डहॅमच्या प्लॅट ब्रदर्सने, म्हणजे मुंबईस यंत्रे पुरविणाऱ्या घराण्यानेच, विकत घेतले. आपल्याकडेही कल्पक माणसे नव्हती असे नाही. अहमदनगरला अमेरिकन मराठी मिशनचे डी. सी. चर्चिल विसाव्या शतकाच्या आरंभी हातमाग सुधारण्यासाठी झटत होते. मुंबईच्या गिरण्यांत मात्र लँकेशायरचा साधा साचाच राज्य करीत राहिला. १९२८ च्या तंट्याचे एक मूळच असे की मालकांना विणकराने दोनांऐवजी तीन साचे सांभाळावेत असे वाटत होते. साच्यांची संख्या दीडपट करण्याची योजना तपशीलवार आखली गेली. धोट्याच्या डोळ्याला एक फट पाडावी हे त्या सुधारणेच्या यादीत अग्रभागी कोठे दिसत नाही.

घाटकोपरच्या संस्थेच्या जोडीला अहमदाबादची ‘अटिरा’ (१९४७) आणि कोइमतूरची ‘सिट्रा’ (१९५६) या संस्थांनी हिंदी गिरण्यांत मोजमापाची सवय रुजविली, हे त्यांचे ऋण मान्य केले पाहिजे. सूत कोणत्या ताणाने कांडीवर भरावे, ते तुटते किती वेळा व कशामुळे, हे प्रश्न जॉबरच्या मर्जीतून निघून प्रयोगशाळेच्या टेबलावर आले. दैवदुर्विलास एवढाच की घाटकोपरला हे कार्य आरंभले जाण्याच्या आदल्या वर्षी, १९५३ मध्ये, स्वित्झर्लंडच्या सुल्झर कंपनीने धोट्याविना विणणारे यंत्र बाजारात आणले होते. त्यात सूत बाहेर मोठ्या शंकूवर असते, एक लहानशी पोलादी पकड त्याचे टोक घेऊन उभ्या धाग्यांच्या फटीतून निघून जाते, आणि ताण राखण्यासाठी बाहेर स्वतंत्र ब्रेक व हलती दांडी असते. सुताचा साठा धोट्याबरोबर धावण्याचे बंद झाले तेव्हा धोट्यातील ताणाचा दोनशे वर्षांचा प्रश्नही बंद झाला.

अर्थात ज्यांनी हे यंत्र घेतले त्यांच्यापुरता. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या मुंबईच्या गिरणी संपाचे नेते डॉ. दत्ता सामंत हे घाटकोपरच्याच पंतनगरात दवाखाना चालविणारे डॉक्टर. त्या संपानंतर एकेक गिरणी बंद होत गेली, आणि तेथील जुने साचे पुष्कळदा भंगाराच्या भावाने निघून भिवंडीच्या पत्र्याच्या छपरांखाली पुन्हा चालू झाले. तेथे धोटा आहे, त्याच्या डोळ्याला फट आहे, सूत बोटाने बसविले जाते. पोकळीत कोठे नायलॉनचे फास आहेत, तर कोठे कारागिराने स्वतःच्या अंदाजाने डकविलेला लवदार कापडाचा तुकडा. मजुरी विणलेल्या मीटरावर ठरते, आणि काठ ओढलेल्या मीटरचा हिशेब शेटजींच्या गादीवर होतो.