घरातील धूर आणि आपले आरोग्य

प्रदूषण म्हटले की कारखान्यांची धुराडी नजरेसमोर येतात. पोप फ्रान्सिस यांनी मात्र ‘लाऊदातो सी’ (२०१५) या परिपत्रकात स्वयंपाकाच्या इंधनाच्या धुराचाही उल्लेख केला आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार घरगुती धुरामुळे २०२० साली सुमारे ३२ लाख माणसे दगावली. त्यांत पाच वर्षांखालील दोन लाखांहून अधिक बालके होती.

घरात गॅस आला, तरी अनेक ठिकाणी आंघोळीचे पाणी आणि भाकरी अद्याप चुलीवरच होते. त्या भाकरीची गोडी आम्हीही जाणतो. परंतु चूल उघड्या पडवीत असावी, लाकडे वाळलेली असावीत आणि तान्ह्या मुलाला घेऊन कोणी तिच्यापुढे बसू नये.

शहरातील बंद सदनिकेत रात्रभर डासांची कॉइल जळत असते. त्यापेक्षा मच्छरदाणी बरी. फोडणी-तळणाच्या वेळी खिडक्या उघडाव्यात. कुंडीतील रोपे शोभेला ठीक, त्यांच्याने खोलीतील हवा शुद्ध होत नाही.

सायंकाळी रोझरीच्या वेळी वेदीपुढे आपण मेणबत्त्या-उदबत्त्या लावतो. तोही धूरच. घरात दमेकरी असल्यास एक मेणबत्ती पुरे, आणि जाळीची खिडकी उघडी ठेवावी.