कोठा साफ करण्याचा इतिहास

मराठीत पोटाला ‘कोठा’ म्हणतात. कोठा जड होतो, हलका होतो आणि चूर्णाच्या जाहिरातीत तो नेहमी साफ होतो. आत जे साठते ती घाण, हे त्यातले गृहीत. गेल्या शंभर वर्षांत या गृहीताचे काय झाले ते पाहायचे, तर सुरुवात लोणावळ्यापासून करावी असे मला वाटते.

स्वामी कुवलयानंद, म्हणजे पूर्वाश्रमीचे जगन्नाथ गणेश गुणे, यांनी 1924 साली लोणावळ्यात कैवल्यधाम स्थापन केले आणि त्याच वर्षी ‘योग-मीमांसा’ हे नियतकालिक सुरू केले. त्याच्या पहिल्या अंकांत अध्यात्म शोधणाऱ्याच्या हाती प्रथम लागतात ती क्ष-किरण छायाचित्रे, रबरी नळी आणि दाबमापक! बस्ती करणारा योगी आतड्यात पाणी वर ओढून घेतो ते कशाच्या जोरावर, हा प्रश्न होता. कुवलयानंदांनी मोजून दाखवले की नौलीत पोटाचे मधले स्नायू वेगळे काढले की मोठ्या आतड्यात अंशतः निर्वात पोकळी तयार होते. या निर्वाताला त्यांनी आपले गुरू माधवदासजी यांचे नाव दिले. प्रयोग म्हणून आजही तो मला देखणा वाटतो.

युरोपातही तेव्हा मोठे आतडे बदनामच होते. 1908 चे नोबेल मिळवणारे मेचनिकॉफ तिथल्या जंतूंना अकाली वार्धक्याचे कारण मानत. लंडनचे शल्यविशारद आर्बथनॉट लेन बद्धकोष्ठावर उपाय म्हणून मोठे आतडेच कापून काढीत. त्यापुढे नौली फारच सौम्य म्हणायची.

कोठा साफ करण्याचे दुसरे साधन याच सह्याद्रीत उगवते. मावळापासून भीमाशंकर-जुन्नरपर्यंतच्या घाटमाथ्यावर हिरडा आहे. आयुर्वेदाने त्याला आईची उपमा दिली आणि ऋतूनुसार घेण्याची रीतही सांगितली : पावसाळ्यात सैंधवाबरोबर, शरदात साखरेबरोबर, हेमंतात सुंठीबरोबर. इंग्रजी अमदानीतल्या व्यापाऱ्याला मात्र त्यातले टॅनिन हवे होते. वाळक्या फळात ते सुमारे 30 टक्के भरते. मुंबई बंदरातून हिरडा विलायतेला जाई तो कातडी कमावायला. टॅनिन प्रथिनांना घट्ट धरते. कातडे टिकते ते त्यामुळे, आणि हिरडा चावल्यावर तोंड आवळून येते तेही त्यामुळेच. आज तोच हिरडा ‘चरबी घटवणारा’ म्हणून डबीत विकला जातो. पण 3 जून 2020 च्या निसर्ग चक्रीवादळात जुन्नर-आंबेगावची हिरड्याची झाडे झोडपली गेली, तेव्हा तो वेचणाऱ्या आदिवासींना भरपाईसाठी मोर्चे काढावे लागले.

चरबी म्हणजे तरी काय, याचे उत्तर पुण्याने बदलले. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी पुण्याजवळच्या खेड्यांत जन्मलेल्या बाळांची तुलना इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांशी केली. इथली बाळे सरासरी 2.7 किलोची, तिथली 3.5 किलोची, पण इथल्या किरकोळ बाळांच्या कातडीखाली चरबी त्या मानाने जास्त. 2004 साली याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांनी ‘लॅन्सेट’मध्ये आपलीच छायाचित्रे शेजारी शेजारी छापली. दोघांचाही उंची-वजनाचा निर्देशांक 22.3. शरीरातली चरबी युडकिनांची 9.1 टक्के, याज्ञिकांची 21.2. वजनकाट्याची इतकी शांत फजिती मी दुसरीकडे वाचलेली नाही.

मग पाळी आली आतड्यातल्या रहिवाशांची. 2006 साली अमेरिकेत जेफ्री गॉर्डन यांच्या प्रयोगशाळेने लठ्ठ उंदरांचे जंतू निर्जंतुक वाढवलेल्या उंदरांत सोडले. हडकुळ्या उंदरांचे जंतू मिळालेल्यांपेक्षा या उंदरांत चरबी अधिक साठली. माणसांतही लठ्ठांमध्ये बॅक्टेरॉइडिटीस गटाचे जंतू कमी असतात, असे तिथल्या संशोधकांना आढळले. पुण्याच्या एनसीसीएसमध्ये डॉ. योगेश शौचे यांच्या गटाने 2012 साली थोड्या भारतीयांची तपासणी प्रसिद्ध केली. तिच्यात याच गटातले बॅक्टेरॉइड्स लठ्ठांमध्ये अधिक निघाले. म्हणजे परदेशी नकाशा घेऊन आपल्या आतड्यात हिंडता येत नाही.

हिरड्याकडे पुन्हा पाहावे लागते ते इथे. त्यातल्या टॅनिनाचे मोठे रेणू लहान आतड्यात फारसे शोषले जात नाहीत. ते खाली मोठ्या आतड्यात उतरतात. तिथले काही जंतू त्यांचे तुकडे करून युरोलिथिन बनवतात, आणि ते रक्तात जाते. उंदरांमध्ये युरोलिथिनामुळे चरबी वाढण्याला आळा बसल्याचे दिसले आहे. तेवढ्यावर माणसाचे वजन उतरवण्याची हमी देणे ही जाहिरातदाराची हिंमत. गंमत अशी, की ज्यांना शंभर वर्षे घाण म्हणून बाहेर काढायचे होते, त्यांच्यावाचून हिरड्यातून युरोलिथिन निघतच नाही.

आणि ते सगळ्यांच्या पोटात निघत नाही. स्पेनमधल्या संशोधकांनी माणसांचे तीन गट पाडले : एक युरोलिथिन ‘ए’ बनवणारा, दुसरा त्याच्या जोडीला ‘बी’ही बनवणारा, तिसरा काहीच न बनवणारा. चयापचय बिघडलेल्या लठ्ठांमध्ये दुसरा गट त्यांना अधिक आढळला. आयुर्वेदातही कोष्ठ तीनच : क्रूर, मध्य आणि मृदू. तीनाला तीन जुळवून टाळ्या घेण्याचा मोह होतो, पण ती जोडी लावायला मी तयार नाही. वैद्य कोष्ठ ठरवत तो रेचकाला किती दाद देतो त्यावरून. युरोलिथिनाचा गट ठरतो लघवीच्या तपासणीतून.